नव्या अंगाचा माणूस

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाच्या राज्यांची नावंसुद्धा आता कोणाच्या ध्यानात नाहीत. लहानांनी ती ऐकावी, मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावचा केरबा एके दिवशी घर सोडून निघाला. "सुगीपर्यंत येतो," असा त्याने बायकोला, सुंदराला, शब्द दिला. मुलगी तुळसा तेव्हा पाळण्यात होती. सुगी आली आणि गेली. अशा कितीतरी सुग्या गेल्या.

केरबा दूरच्या आश्रमात ज्ञान मिळवत राहिला. परतला तेव्हा त्याची दाढी छातीपर्यंत पोचली होती. तो घरी गेलाच नाही, गावाबाहेरच्या देवळात उतरला. सुंदराला कळलं, तशी ती मुलीला घेऊन तिथे गेली.

"घरी चला," ती म्हणाली.

"बाई, तुझा नवरा आता उरला नाही," केरबा म्हणाला. "आपलं अंग डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक बारीक पेशींचं असतं. पेशी वाढते, मग दुभागते. एकीच्या दोन होतात. जुन्या झडतात, त्यांच्या जागी नव्या येतात. तुला शब्द देणारे ओठ केव्हाच झडून गेले. मी वेगळाच माणूस आहे."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्यामुळे त्याची झोपही उडाली होती.

ही गोष्ट गावभर झाली आणि गाव चक्रावून गेलं. आपण घाण्यावर बसणारे तेच की दुसरे, हे तेल्याला समजेना. एक सासू सुनेला निरखून म्हणाली, "लग्नात आणली ती हीच का गं?" दोन भाऊ जुनं भांडण पुढे चालवायला बसले, पण भांडणारे आपणच होतो का, यावर त्यांचं अडलं. लोक आरशात पाहायचे आणि स्वतःचे गाल चाचपायचे.

शेवटी सगळे केरबाला घेऊन चावडीवर पाटीलबाबांकडे गेले. पाटीलबाबा म्हातारे होते, न्यायाला पक्के होते. त्यांनी केरबाला विचारलं, "पेशी दुभागते तेव्हा तिच्या पोटातल्या ऐवजाचं काय होतं?"

"आधी ती सगळं दुप्पट करते," केरबा म्हणाला. "मग दोघींना सारखंच मिळतं."

"म्हणजे जुनीकडचं काही हरवत नाही?"

"नाही."

"मग जुनी गेली म्हणायची, की राहिली?"

"आश्रमात हे कोणी विचारलंच नाही," केरबा म्हणाला. पाटीलबाबांनी बराच वेळ कपाळ चोळलं. "मलाही उमगत नाही," ते म्हणाले. "गेली म्हणावं तर आहे. आहे म्हणावं तर गेली."

तेव्हा सुंदरा पुढे आली.

"पाटीलबाबा, माझंही अंग बदललंच असेल की," ती केरबाकडे वळून म्हणाली. "पाळणा हलवणारे हात झडले. नवे आले, त्यांनी पोरीला भरवलं. तेही झडले असतील. त्यानंतरच्या हातांनी तिची वेणी घातली. तुमची आई शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला कुशीवर वळवणारे हात आणखी वेगळे असतील. पण एकाही हाताने म्हटलं नाही, की हे काम आधीच्याचं होतं, माझं नाही."

आई गेल्याचं केरबाला तेव्हाच कळलं. त्याने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग तो सुंदराच्या मागून घरी गेला.

गावातला गोंधळ काही पुरता मिटला नाही. पेशींचं कोडं पाटीलबाबांना अखेरपर्यंत सुटलं नाही. पण तेली घाण्यावर बसला आणि सासूने सुनेला हाक मारली.

तुळसाने केरबाला बाबा म्हणायला फार दिवस लावले. ती दारामागून त्याच्याकडे बघत राहायची. त्याने कधी तक्रार केली नाही. तिच्यापुरता तो खरोखरच नवा माणूस होता. रोज पहाटे तो तिच्यासाठी पाणी तापवायचा आणि वाट पाहायचा.

अंग कितीही नवं झालं, तरी दिलेला शब्द त्यालाच पाळावा लागतो.