तेविसावी गाठ

"किती गाठी मिळाल्या, कालिंदी?"

तळवलीकर सर माझ्या प्रयोगशाळेत स्टुलावर बसले होते. मानेला पट्टी. कानापुढच्या लाळग्रंथीत कॅन्सर निघाला, म्हणून ती ग्रंथी काढली आणि रोग पसरलाय का ते बघायला मानेतल्या लसीकागाठीही. सगळं तपासायला माझ्याकडेच पाठवायचं, हा हट्ट सरांचा.

"बावीस, सर. सगळ्या स्वच्छ."

"हं."

हा "हं" माझ्या चांगल्याच ओळखीचा…

तीस वर्षांपूर्वी मिरजेला मी सरांच्या हाताखाली शिकत होते. भारी शहाणी होते तेव्हा. आकडे तोंडपाठ.

"कॅन्सर गाठींत पोचला नसेल, तर दहातले आठ जण पाच वर्षं काढतात, सर. पोचला असेल तर चारच."

"हं. आणि आज ज्यांच्या गाठी आल्यात, त्या बाई आठांतल्या की चारांतल्या?"



त्या बाईंच्या मानेतून काढलेल्या चरबीतून मी वीस मिनिटांत एकोणीस गाठी वेचल्या. "संपल्या," म्हणून हात झटकले.

सरांनी चिमूटभर तपकीर ओढली. टाकायला ठेवलेल्या चरबीत बोटं घातली आणि डोळे मिटले…

मसुराएवढी एक गाठ निघाली. रोग नेमका तिच्यातच होता.

"मला कशी नाही दिसली, सर?"

"बघत बसलीस म्हणून. मिट डोळे. बोटांना त्यांचं काम करू दे."

मग तीन वर्षं मी रोज डोळे मिटून चरबी चाचपली. फॉर्मलिननं डोळे चुरचुरायचे, शेजारी सरांची तपकीर, सटासट शिंका. फार सुखाचे दिवस होते ते.

"आणि उरलेली चरबी?" स्टुलावरून सरांनी विचारलं.



परवाच ती चाचपली होती. काल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंही होतं. रिपोर्टवर सही तेवढी राहिली होती. एक ओळ गाळली, तर सर निश्चिंत मनानं घरी जाणार होते… आणि जे घ्यायलाच हवं ते रेडिएशन न घेता.

"बये, विचारतोय मी."

माझे डोळे आपोआप मिटले.

"एक निघाली, सर. मसुराएवढी. तिच्यात… आहे."

तपकिरीची डबी उघडल्याचा आवाज आला.

"डोळे मिटायचे ते शोधताना, कालिंदी. सांगताना नाही."