सुपडाजीची घागर

अमळपूरच्या जुन्या स्टेशनात आज फलाटभर ज्या घागरी दिसतात, त्या सगळ्या भरलेल्या आहेत. सकाळीच शहरातली माणसे येऊन भरून गेली. टोकाला त्या लोखंडी सोंडेखाली ठेवलेली एक तेवढी रिकामी आहे. ती विसरून राहिलेली नाही. तुमच्यातल्या या ताईंनी मघाशी विचारले, तेव्हा मी मुद्दाम उत्तर दिले नाही, कारण ते एका वाक्यात देण्यासारखे नाही. तुमची मोजायची फीत जरा गुंडाळून ठेवा आणि सावलीत बसा.

मी देविदास, इथला शेवटचा हमाल. छोटी गाडी बंद होऊन सव्वीस वर्षे झाली. रूळ उचलून नेले, छप्पर एका वादळात आडवे झाले, तिकिटाच्या खिडकीत आता कबुतरे बसतात आणि माझ्यापेक्षा जास्त रुबाब करतात. दर दोन-तीन वर्षांनी तुमच्यासारखी मंडळी येऊन मोजमाप घेतात. एकांना इथे बाजार करायचा होता, दुसऱ्यांना वाहनतळ. मी सगळ्यांना पाणी देतो आणि ही गोष्ट सांगतो. ऐकून झाल्यावर बहुतेकांची घाई जरा कमी होते, एवढा माझा अनुभव.

ही सोंड इंजिनाला पाणी पाजण्याची. मागे जी विहीर आहे, तिचे पाणी पंपाने उंच टाकीत चढायचे आणि टाकीतून सोंडेने इंजिनात उतरायचे. त्या पंपावर सुपडाजी नावाचा माणूस होता. सगळे त्याला सुपडाजी पाणीवाला म्हणत. बायको लवकर गेलेली, मुलगा नाही, वेणू नावाची एकच मुलगी. ती खडकदरीला दिलेली. खडकदरी म्हणजे या लाइनीचे शेवटचे स्टेशन, पार डोंगरात.

असे सांगतात की लागोपाठ दोन वर्षे पाऊस झाला नाही आणि शहराच्या सगळ्या विहिरी आटल्या. पिण्यापुरते पाणी चार कोसांवरच्या डोहातून बैलगाडीवरच्या पिपांत येई. स्टेशनच्या विहिरीला तेवढा झरा होता, पण ते पाणी इंजिनाचे. रेल्वे कंपनीचा हुकूम असा की त्यातला थेंबही बाहेर द्यायचा नाही. सुपडाजीने तो हुकूम पाळला. लोक शिव्या देऊन जात, तो मान खाली घालून पंपाची चाके पुसत बसे.

मग अखजी आली. आजही तीच आहे. कॅलेंडरात तिला अक्षय तृतीया म्हणतात. आमच्याकडे त्या दिवशी पितर घरी येतात, त्यांच्या नावाने पाण्याची नवी घागर भरतात, आणि दुपारच्या आत ती घागर दाखवून त्यांना जेवू घालतात. आदल्या दिवशी उतरत्या उन्हात शहरातल्या बाया कोऱ्या घागरी घेऊन स्टेशनात आल्या. पुढे चिंधाबाई होती. तिचा नवरा गाडीवान, पौषात गेलेला. त्याची ही पहिलीच अखजी.

"आमाले प्यायले नको, सुपडाजी," ती म्हणाली. "जे गेले त्याईच्यासाठी मांगतो."

जिवंत माणसाला नाही म्हणणे त्याला जमत होते. मेलेल्यांना नाही म्हणणे जमले नाही. त्याने मनाशी हिशेब केला की उद्या गाडीचा दिवस नाही, परवापर्यंत झरा टाकी पुन्हा भरेल. त्याने सोंड फिरवली. दिवस मावळेपर्यंत एकेक घागर भरत गेली आणि शेवटची भरली तेव्हा टाकीत नुसता गाळ उरला, विहिरीनेही तळ गाठला. त्या संध्याकाळी म्हणे त्याने स्वतःच्या बायकोच्या नावाची घागरसुद्धा भरली नाही, कारण रांगेत त्याचा नंबर शेवटचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तार आली. जादा गाडी येत होती, धान्याची. खडकदरीला आठ दिवस दाणा नव्हता. लोक पाला शिजवून खात होते, दोन म्हातारी माणसे गेली होती. तार वाचून स्टेशनमास्तरांनी सुपडाजीकडे पाहिले. सुपडाजीने टाकीकडे पाहिले. 

गाडी आली. ड्रायव्हर इनायत खां खाली उतरला, सोंड ओढून पाहिली आणि समजला. पुढे घाट होता आणि वाटेत कुठेच पाणी नव्हते. इंजिनात पाणी नसेल तर आग विझवावी लागणार. मागे जाऊन पाणी घेऊन यायचे तर दोन दिवस मोडणार. त्या दोन दिवसांत डोंगरातली आणखी माणसे गेली असती. सुपडाजीची वेणू तिथे होती, आणि ती पोटुशी होती.

सुपडाजी निघाला आणि बाजारपेठेच्या चौकात जाऊन उभा राहिला. डोक्यावरचे मुंडासे काढून त्याने जमिनीवर ठेवले. लोक जमले, तेव्हा त्याने जे घडले ते सगळे सांगितले. पाणी द्या असे तो म्हणाला नाही. असे सांगतात की शेवटचे वाक्य एवढेच होते, "चूक माही हाये, पन भुकेले ते हायेत."

सणामुळे त्या दिवशी पिपे आली नव्हती. शहरात पाणी होते ते फक्त घागरींत. घरात लेकरे तहानेने रडत असतानाही त्या घागरीला कुणी हात लावलेला नव्हता. पितरांच्या तोंडचे पाणी काढून इंजिनात ओतायचे, हे कुणी कधी ऐकलेलेही नव्हते. मोठमोठी माणसे खाली पाहू लागली. भटजी होते, ते पंचा सावरत मागे सरकले. मी त्यांना दोष देत नाही. आपल्या वाटचे देणे सोपे असते, बापाच्या वाटचे कसे द्यायचे?

चिंधाबाई घरात गेली. नवऱ्याच्या नावाची, पहिल्या वर्षाची घागर घेऊन बाहेर आली. तिच्या दिराने वाट अडवली.

"वहिनी, दादा तहानेला राहीन."

"तो जित्तेपनी कोनाच्या तोंडचं पानी कधी प्याला नाही," ती म्हणाली. "आता तरी कसा पेईन? सरक."

तो सरकला. ती चालत स्टेशनात आली, इंजिनावर चढली आणि घागर ओतली. काही जण सांगतात की तिची घागर रिकामी होईचना, इंजिन भरेपर्यंत धार वाहतच राहिली. सांगणाऱ्याला सांगू द्यावे. माझी आजी त्या दिवशी तिथे होती. ती म्हणायची, घागर रिकामी झाली, घागरी होतात तशीच. पण चिंधाबाई खाली उतरली तेव्हा तिच्या मागे बाजारपेठेपर्यंत रांग लागलेली होती. मला हाच चमत्कार मोठा वाटतो.

घागरी हातोहात वर चढल्या. सूर्य माथ्यावर यायच्या आत इनायत खांने हात वर केला, पुरे म्हणून. गाडी गेली. ती वेळेत पोचली. वेणूही वाचली आणि तिचे बाळही.

शहरात मात्र त्या अखजीला एकाही पितराला पाणी मिळाले नाही. असे सांगतात की दुपारी पितर आपापल्या घरी आले, त्यांना घागर दिसली नाही. घरापासून स्टेशनापर्यंत रस्त्यावर पाण्याचे ओले ठिपके पडलेले होते. त्या ठिपक्यांच्या मागे ते इथवर आले. ज्या जागी आपले पाणी गेले, ती जागा त्यांना आवडली. तेव्हापासून अमळपूरचे पितर घरी येत नाहीत, इथे उतरतात, आणि आम्ही घागरी इथे आणून भरतो. फरशीत हे गोल खळगे आहेत ना, ते घागर कलंडू नये म्हणून ज्याने त्याने छिन्नीने खोदलेले आहेत. तो तिसरा माझ्या घरचा. त्यातल्या घागरीत गेली चार वर्षे माझी बायकोही आहे.

सुपडाजीला कंपनीने कामावरून काढले. हुकूम मोडला होता, ते खरेच होते. त्याने तक्रार केली नाही. पुढची अखजी यायच्या आत तो वारला. मग त्याची घागर कुणी भरायची यावर याच फलाटावर भांडण जुंपले. मुलगा नाही, म्हणून भरायला सगळे शहर पुढे. तेव्हा चिंधाबाई म्हणाली, "आपन समदे त्याच्या हातचं पानी घेतलेले. घेनाऱ्यानं काय देनं? ज्याईच्यासाठी त्यानं मुंडासं खाली ठेवलं, त्याईनं भरावी. परक्यानं भरावी." तेवढ्यात गाडी लागली. खडकदरीकडचा एक माणूस उतरला, त्याला तांब्या दिला, त्याने घागर भरली.

तोच नेम झाला. जोवर गाडी होती तोवर अडचण नव्हती. कुणी ना कुणी परका उतरायचाच. मी हमाल असताना कितीतरी जणांच्या डोक्यावरचे ओझे आधी खाली ठेवायला लावून हातात तांब्या दिला आहे. गाडी बंद झाल्यावर परका माणूस शोधून आणावा लागतो. गेल्या वर्षी मी हमरस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात केला. लोकांना वाटले म्हातारा भीक मागतोय. दोघांनी नाणी टाकली, थांबले कुणीच नाही. सुपडाजीची घागर त्या वर्षी रिकामी राहिली, शहर उपाशीच निजले. मी घरी जाऊन रडलो, सांगायला लाज कसली.

म्हणून तुम्ही इथे काय बांधावे, हे मी सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही. बाजार करा, बाग करा. एवढेच लिहून घ्या की ही जागा अशी ठेवा, जिथे बाहेरगावचा माणूस येऊन उतरेल. स्टेशन म्हणजे आमच्या लेखी तेवढेच.

आजही, अमळपूरच्या सगळ्या घागरी भरून झाल्या तरी कुणी घरी घास तोंडात घालत नाही. सोंडेखालची घागर भरल्याचा निरोप जाईपर्यंत ताटे वाढून ठेवलेली असतात. या घडीलाही तशीच आहेत. ऊन माथ्यावर यायला अजून थोडा वेळ आहे. ताई, विहीर मागे आहे, तांब्या त्या कोनाड्यात. मला भरता येत नाही, मी इथलाच.