उंबरतरीची आवडाई

नदीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर काठावर उभं राहून हाक मारावी लागायची, त्या दिवसांतली ही गोष्ट. किती वर्षं झाली ते कुणाला धड सांगता येत नाही. कुणी म्हणतं, आजीच्या आजीनं पाहिलं होतं. कुणी म्हणतं, त्याच्याही आधीचं.

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. नदीच्या काठावर भलंमोठं उंबराचं झाड, आणि त्याच्या सावलीत नाव लागायची. माणसं पलीकडे नेणाऱ्या नावेला तिकडे तर म्हणतात, म्हणून गावाचं नाव उंबरतर. उन्हाळ्यातसुद्धा तिथं पुरुषभर पाणी असे. पिकली उंबरं टपटप पाण्यात पडायची आणि मासे ती टिपायला वर यायचे. पलीकडे बाजार, पलीकडे देवीचं देऊळ, आणि गावाच्या निम्म्या लेकी पलीकडेच दिलेल्या. तरीवाचून गावाचं पान हलत नसे.

त्या तरीची एक रीत होती. उंबराला दगडी पार होता. नावाडी दोर सोडण्याआधी पाराकडे बघायचा. पारावरून "सोड!" अशी हाक आली की नाव सुटायची. "थांब!" म्हटलं की थांबायची. रीत वाईट नव्हती. मुळात पारावर बसायचे ते म्हातारे भोई, वल्हं मारून मारून खांदे गेलेले. पाण्याचा रंग बघून घाटात काय चाललंय ते त्यांना कळायचं. पण ते म्हातारे एकेक करून गेले. पार काही रिकामा राहिला नाही. सावली चांगली, वारा चांगला, पान चघळत बसायला जागा चांगली. तिथं विसू खोत येऊन बसला, बाळा तेली बसला, आणखी कोणकोण बसले. त्यांतल्या निम्म्यांनी गुडघ्याच्या वर कधी पाणी पाहिलं नव्हतं. तरी हाक द्यायची रीत तशीच राहिली, आणि ती ऐकायचीही.

तेव्हा तरीवर धाकू भोई होता. आवडी त्याची बायको. एका श्रावणात ती दुपारची भाकरी घेऊन काठावर आली, तर धाकू वाकून पाण्याकडे बघत होता.

"पाणी गढूळतंय गो," तो हळूच म्हणाला.

"मग नको जाऊ."

"पारावरनं हाक आली ना. पलीकडे माणसं खोळंबलीत."

तो गेला. मधल्या धारेत पोचला आणि वरून लोंढा आला. नाव खाली करंजाच्या जाळीत अडकलेली सापडली. धाकू सापडला नाही.

असं म्हणतात, की आवडी पारासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं एवढंच विचारलं, "पहिली हाक कुणी दिली?"

"बाळानं मान हलवली, म्हणून मी सोड म्हटलं," विसू खोत म्हणाला.

"खोतांचे ओठ हलले, म्हणून मी मान हलवली," बाळा तेली म्हणाला.

तिसऱ्यानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं आणि चौथ्यानं पहिल्याकडे. पाण्याकडे कुणीच बघितलं नव्हतं. खोटं कुणीच बोलत नव्हतं, त्याचंच तिला जास्त दुखलं. आणि एक गोष्ट तर तिच्या काळजात काट्यासारखी रुतून बसली. धाकूला दिसलं होतं. त्याला स्वतःला दिसलं होतं, आणि तरी तो गेला होता.

मग गाव तिला शहाणपण शिकवायला आलं. कुणी म्हणालं माहेरी जा. कुणी म्हणालं पाट लाव, अजून वय आहे. कुणी म्हणालं नाव विकून टाक, अपशकुनी आहे ती. आवडी प्रत्येकाला बसायला पाट द्यायची, गूळपाणी द्यायची, डोक्यावरचा पदर सावरून सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ऐकलं हो. आता मला बघू दे."

सुतक फिटल्यावर एका सकाळी लोकांनी पाहिलं, तर ती नावेच्या फटी बुजवत बसलेली. दुसऱ्या सकाळी पाहिलं, तर हातात वल्हं घेऊन उभी.

त्या दिवसापासून तरीवर नवीच तऱ्हा सुरू झाली. उतारू जमले, पारावरून हाक आली, की आवडी मान डोलवायची, "ऐकलं हो." मग नऊवारीचा काठ जरा वर खोचून एक पाय पाण्यात घालायची आणि गप्प उभी राहायची. बघायची, वास घ्यायची, विचार करायची. मग दोर सोडायची, नाहीतर खाली बसायची.

"आवडे, पाय धुवायला अख्खी नदी लागते होय गो तुला?" पारावरून बाळा तेली ओरडायचा.

"तुम्हाला तोंड हलवायला अख्खा पार लागतो, तसंच!" ती म्हणायची, आणि उतारू खो खो हसायचे.

असं म्हणतात, की घाटमाथ्यावर थेंब पडला तर इकडे तिच्या टाचेला गार लागायचं. असंही म्हणतात, की मासे तिच्या घोट्याशी येऊन वरची बातमी सांगून जायचे. पण गावातल्या जुन्या बाया हसून सांगत, की ती चुकायचीही. एका बाजाराच्या दिवशी तिनं लोकांना संध्याकाळपर्यंत थांबवलं आणि पाणी आलंच नाही. टोपल्यांतली भाजी सुकली, माशांना वास सुटला, आणि लोकांनी तिचा उद्धार केला.

"चुकले मी आज," ती म्हणाली.

"मग पाराचं ऐकायचं होतंस!"

"त्यांचं ऐकून चुकले असते, तर उद्या काय सुधारायचं ते मला कसं कळलं असतं?"

तिला मूलबाळ नव्हतं. गावच्या सगळ्या लेकी मात्र तिच्याच नावेतून सासरी गेल्या. नावेत बसल्या की त्या रडायच्या. बरोबरच्या बाया त्यांना सांगायच्या, सासूला असं बोल, नवऱ्याशी तसं वाग. आवडी कधी काही सांगायची नाही. मधल्या धारेत आल्यावर वल्हं जरा थांबवायची, म्हणजे पोरीला मागे वळून आपलं गाव डोळे भरून बघता यावं. ती आठवण म्हाताऱ्या झालेल्या लेकींच्या डोळ्यांत पुढं कितीतरी वर्षं पाणी आणायची.

अशातच मंजीचं लग्न निघालं. मंजी आईबापांवाचून वाढलेली, मामाच्या घरची. नथूमामा गरीब माणूस, पण त्यानं पोरीला जपलं होतं. स्थळ पलीकडच्या गावचं, लग्न तिकडेच, मुहूर्त गोरज. वैशाख सरत आलेला. आभाळ धुतल्यासारखं निळं. वऱ्हाड वाजतगाजत काठावर आलं. वराचे वडील स्वतः न्यायला आले होते. पारावरून विसू खोतानं हात उंच केला, "सोड गो!"

"ऐकलं हो," आवडी म्हणाली आणि तिनं पाय पाण्यात घातला.

पाणी रोजच्यापेक्षा गार लागलं. पायाला बारीक कचकच लागली, आणि कुजलेल्या पानांचा जरासा वास आला. घाटात वळीव पडला असेल? की नुसतीच कुठं म्हैस डुंबली असेल? खरं सांगायचं तर आवडीला खात्री नव्हती. बाजाराचा तो दिवस तिला आठवला. आज चुकलं तर भाजी सुकणार नव्हती, एका पोरक्या पोरीचं लग्न मोडणार होतं. आणि आज नाव सोडून चुकलं तर?

"थोडं थांबू या," ती म्हणाली.

मग काय विचारता! एकच गलका झाला.

"आभाळात ढग तरी आहे का, बाई?"

"मुहूर्त काय तुझ्या पायासाठी थांबणार आहे?"

व्याह्यांनी फेटा सारखा केला. "मुहूर्त टळला, तर मुलगी इथंच ठेवा. आम्हाला दुसऱ्या मुली आहेत."

नथूमामानं हात जोडले. "आवडे, पाया पडतो गो. पोरीचं वाटोळं होईल."

कुणी म्हणालं, दोर आम्हीच सोडतो. दोघंतिघं पुढं झालेही.

तेव्हा आवडीची नजर मंजीकडे गेली. मुंडावळ्या बांधलेली, खाली मान घालून उभी. काठावरचं प्रत्येक माणूस बोलत होतं, आणि जिचं जाणं होतं तिला कुणी एक शब्द विचारला नव्हता.

"मंजे," आवडी म्हणाली, "नाव माझी, पण लग्न तुझं. सगळ्यांचं ऐकलंस ना? आता ये इकडे. पाय घाल पाण्यात."

"मला काय कळतंय काकी त्यातलं?"

"कळेल तेवढं सांग."

मंजीनं पाय घातला. हळदीनं पिवळ्या झालेल्या पायाभोवती पाणीही पिवळं झालं. मागून गलका चालूच होता. आणि जन्मात कुणावर न ओरडलेली आवडी ओरडली, "गप्प बसा रे जरा! पोरीला विचार करू दे!"

वाजंत्री थांबली. बाया थांबल्या. असं म्हणतात, की उंबरावरचे पक्षीसुद्धा गप्प झाले. मंजी उभी राहिली. जरा वेळानं ती म्हणाली, "काकी, पायाखालची वाळू सरकतेय. पाणी ओढतंय तिला. आणि लांब कुठंतरी जातं फिरल्यासारखं घरघरतंय."

"मग?"

मंजीनं मामाकडे पाहिलं, व्याह्यांकडे पाहिलं. "मी नाही बसत नावेत," ती म्हणाली. "लग्न मोडलं तर मोडलं."

नथूमामाचा हात उगारला गेला, तो आवडीनं वल्हं आडवं धरून अडवला. मंजी वळली आणि काठ चढू लागली. दगडांवर तिची ओली, पिवळी पावलं उमटत गेली. नवरीच गेल्यावर वऱ्हाड कुणासाठी नावेत बसणार? कुरकुरत सगळे तिच्यामागून वर चढले. पारावर विसू खोत आणि बाळा तेली तेवढे राहिले. "बायकांचं राज्य आलं," म्हणून त्यांनी नवं पान लावायला घेतलं.

ते पान काही तोंडात गेलं नाही. वळणापलीकडून लोंढा आला. मातीच्या भिंतीसारखा, अख्खी झाडं डोक्यावर घेऊन. काठ चढला, दगड गिळले, आणि जिथं मंजीचं शेवटचं पिवळं पाऊल उमटलं होतं तिथं येऊन थांबला. त्या पावलाला त्यानं स्पर्श केला नाही, असं म्हणतात. पावलापलीकडे सगळं वऱ्हाड उभं होतं, एकूणएक जिवंत.

पण पार पाण्यात गेला होता. विसू खोत आणि बाळा तेली उंबराच्या फांदीला लोंबकळत होते. "आवडे! सोड गो, नाव सोड!"

"नको जाऊ!" काठावरून लोक ओरडले. "जा, जा!" दुसरे ओरडले.

वर चढताना आवडीनं नावेचा दोर काठावरच्या खुंटाला बांधला होता; आता नाव त्या दोराशी हिसके घेत होती. आवडीनं त्याही घाईत पाय पाण्यात घातला. एक श्वास घेईस्तोवर ती गप्प उभी राहिली. मग दोर सोडला. पारावरच्या हाकेनं ती गेली नाही, काठावरच्या ओरडण्यानंही नाही. तिनं ठरवलं, आणि ती गेली.

नाव तिनं उंबराला भिडवली, दोघांना आत ओढलं आणि तिरकी हाणत काठाला आणली. आधी बाळा तेली उडी मारून उतरला, मग खोत. पण खोताच्या उडीनं नाव मागे ढकलली गेली आणि धारेनं तिला घेतलं. गोरज वेळ होती. सगळं पाणी सोन्याचं झालं होतं. त्या सोन्यातून आवडी वल्हं धरून उभ्यानं जाताना लोकांनी पाहिली. मग वळण आलं, आणि ती पुन्हा दिसली नाही.

खाली खाडीच्या तोंडाशी कोळ्यांनी त्या संध्याकाळी एक नाव पाहिली, असं म्हणतात. तिच्यात दोघं जणं होती, बाई आणि बुवा, आणि बाई वल्हवत होती.

मंजीचं लग्न मोडलं नाही. पाणी उतरल्यावर व्याही स्वतः येऊन तिला घेऊन गेले. त्या घरात पुढं बी पेरायचं असो की सोयरीक जमवायची असो, आधी सून काय म्हणते ते बघायचे. उंबर राहिला, पार वाहून गेला. गावानं तो पुन्हा बांधला नाही. विसू खोतानं त्यासाठी आणलेले दगड नदीत उतरायच्या पायऱ्यांना दिले आणि त्या पायऱ्यांना आवडीचं नाव पडलं. आवडी भोईण तेव्हापासून आवडाई झाली.

आता तिथं पूल आहे. गाड्या भुर्रकन पलीकडे जातात. पण उंबरतरची नवरी अजून पुलावरून तशीच जात नाही. वऱ्हाडाची गाडी अलीकडे थांबते, ड्रायव्हर इंजिन बंद करतो, बॅन्डवाले वाद्यं खाली धरतात. नवरी एकटी आवडाईच्या पायऱ्या उतरते आणि पाण्यात पाय घालते. ती बोलेपर्यंत कुणी बोलायचं नाही. "हो म्हण" असंही म्हणायचं नाही, आणि "लवकर" असंही नाही. बहुतेक जणी हसून "जाते" म्हणतात. काही जणी रडत म्हणतात. काही खूप वेळ उभ्या राहतात, आणि वर रस्त्यावर सगळे उन्हात ताटकळतात, पण गप्प राहतात.

काही वर्षांमागं एक मुलगी पायऱ्या चढून वर आली आणि "नाही जात" म्हणाली. वऱ्हाडातलं कुणी चकार शब्द काढला नाही. पलीकडची माणसंही याच नदीच्या पाण्यावर वाढलेली. त्यांनी निरोप ऐकला आणि मांडव उतरवायला घेतला. इकडे गाडी फिरवून सगळे घरी आले. आईनं मुलीला ओसरीवर बसवलं, तिच्या कपाळाच्या मुंडावळ्या हलक्या हातानं सोडल्या आणि विचारलं, "सकाळपासून उपाशी आहेस गो. भात टाकू?"