रंगनाथला कुणी अडवलं नाही

एका गावात एक भोळा वैमानिक होता. गावात वैमानिक कशाला, असं विचारू नका. माळावर धावपट्टी होती, तिथे विमान चालवायला शिकवत, आणि हा तिथे शिकत होता. नाव रंगनाथ. परीक्षेत पास झाला की नोकरी ठरलेली. आईने पेढेसुद्धा वाटून टाकले होते, त्यामुळे नापास होण्याची सोयच उरली नव्हती.

विमान नव्या पद्धतीचं होतं. दांडा ओढला की हुकूम आधी कॉम्प्युटरकडे जायचा. त्याला पटलं तरच विमान ऐकायचं. नाक फार वर उचललं, वेग फार कमी केला, की तो अडवायचा.

पहिल्या दिवशी रंगनाथने नाक उचललं ते उचलतच राहिला. कॉम्प्युटरने अडवलं. याने पाय रोवून दांडा ओढला. शिकवणाऱ्या घाटगे मॅडम शेजारी कपाळाला हात लावून बसल्या.

"अहो, अडवलं की हट्ट करायचा नाही. हात सोडायचे आणि गप्प बसायचं. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

"बरं मॅडम."

दुसऱ्या दिवशी विमानाच्या शेडचं दार अडकलं. रंगनाथने हात सोडले आणि दारासमोर गप्प बसला. मॅडम दुपारी आल्या, तेव्हाही बसलेलाच होता.

"दार का नाही उघडलं?"

"अडवलं त्याने. त्याला जास्त कळतं."

मॅडमचा आवाज चढला. "वैमानिक तुम्ही की ते दार? हुकूम तुमचा! कुणी अडवलं तरी मागे हटायचं नाही."

"बरं मॅडम."

मग एकदा रंगनाथ एकटाच विमान उतरवत होता. धावपट्टीवर शेळ्या शिरल्या होत्या. झेंडेवाले तात्या जिवाच्या आकांताने लाल झेंडा हलवत होते. "हुकूम माझा," असं म्हणून रंगनाथ उतरला. शेळ्या वाचल्या. तात्यांना बाभळीतून काढावं लागलं.

मॅडमनी आता हात जोडले. "रंगनाथ, उद्या परीक्षा आहे. आधीचं सगळं विसरा. मशीनवर आपल्याला अडवायची वेळच जो येऊ देत नाही, तो खरा वैमानिक. एवढं एकच डोक्यात ठेवा."

"बरं मॅडम."

परीक्षेला मोठे साहेब आले आणि विमानात शेजारी बसले. मॅडम खाली देवाचं नाव घेत उभ्या राहिल्या. रंगनाथने विमान असं उडवलं की साहेबांच्या हातातला चहा हलला नाही. साहेब खूश झाले.

"वा! आता उतरवून दाखवा."

रंगनाथने खाली पाहिलं. खाली गावचं तळं होतं. साहेबांनी 'आता' म्हटलं होतं, म्हणून तो लगेच उतरू लागला. वेग अगदी बेताचा. नाक जिथे हवं तिथे.

"अहो, तळं आहे खाली!" साहेब ओरडले.

"हो साहेब, दिसतंय. छान भरलंय यंदा."

"वर घ्या! वर!"

पण साहेब काही मशीन नव्हते. कॉम्प्युटर शांत होता. त्याला वेग कळायचा, नाक कळायचं. तळं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. विमान अलगद पाण्यावर टेकलं आणि थोडं पुढे जाऊन कमळांत रुतलं.

घाटगे मॅडम धापा टाकत काठावर पोचल्या. साहेब कमरेइतक्या पाण्यात उभे होते. रंगनाथ पंखावर चढून दोन्ही हात हलवत होता.

"मॅडम, आईला कळवा, पास झालो! मशीनने एकदासुद्धा अडवलं नाही!"