ठकीची पट्टी

“आता तरी माणसाच्या हाडाला हात लावू देणार का, नाना? सकाळपासून पट्टी जागची हललेली नाही!”

विश्वंभरने विचारलं ते हात जोडून, पण आवाजात धार होतीच.

जानूनाना म्हणजे घाटमाथ्यावरचे नावाजलेले हाडवैद्य. निखळलेला खांदा बोलता बोलता बसवायचे. विश्वंभर शहरात वैद्यकी शिकून पहिल्या नंबराने पास झालेला. नानांची विद्या घ्यायला तो आठ दिवसांपूर्वी त्यांच्या घरी येऊन राहिला, आणि नानांनी त्याच्या हाती काय दिलं? घरची मांजर. ठकीचा पुढचा पंजा पत्र्याने कापला होता.

हिचा पाय बरा कर, मग माणसांचं बघू, एवढंच नाना म्हणाले होते.

संताप येणार नाही तर काय! बाहेर ओटीवर हातपाय मोडलेली माणसं ताटकळत बसायची, आणि हा शिकलासवरला गडी मागच्या पडवीत मांजरीला दूधभात भरवायचा. ठकीला त्याचं काही आहे म्हणता? बांधलेली पट्टी तासाभरात दातांनी ओढून काढायची. पुन्हा बांधायला गेलं की चावायची. विश्वंभरच्या दोन्ही हातांची पार चाळण झाली होती.

म्हणून आज सकाळी त्याने दात-ओठ खात पट्टी आवळली. पंजा बोटांसकट झाकला, वर तीन गाठी मारल्या. नाना समोरच सुपारी कातरत बसले होते. काही बोलले नाहीत.

“हलली न्हाई म्हनतोस?” आता नानांनी विचारलं.

“कशी हलेल? मी बांधलीय.”

“आन् मांजर?”

“मांजर काय! आठ दिवसांत पहिल्यांदा शहाण्यासारखी पडून आहे. ना ओरखडा, ना चावा.”

“दूध प्याली?”

विश्वंभर तसाच उठला.

…

तो पडवीत गेला. वाटी भरलेली तशीच होती. ठकी कोपऱ्यात डोळे अर्धवट मिटून पडली होती. त्याने पंजा उचलला तरी ती फिसकारलीसुद्धा नाही.

कात्रीने त्याने पट्टी घाईघाईने कापली. आतली बोटं टम्म सुजलेली, गार पडलेली.

तो तिला छातीशी धरून ओटीवर आला.

“तुम्ही समोर होतात!”

आवाज एवढा चढला की ओटीवरची माणसं बोलायची थांबली.

“मी आवळत होतो तेव्हा समोर बसून सुपारी कातरत होतात! दिसत नव्हतं तुम्हाला?”

“दिसत हुतं,” नाना म्हणाले.

“मग? मला अद्दल घडवायची होती तर माझे कान उपटायचे होते. या मुक्या जिवाने तुमचं काय घोडं मारलं होतं?”

नाना सुपारीच कातरत राहिले.

“बोला की! मी मूर्ख, मला कळलं नाही. तुम्हाला कळत होतं ना? दिवसभर तिचा पाय ठणकत असेल, नाना. दिवसभर!”

त्याचे डोळे भरून आले होते. ते पुसायचं भान त्याला नव्हतं. ठकीचा पंजा त्याने ओंजळीत अलगद धरून ठेवला होता. हळूहळू बोटांत ऊब आली, तशी तिने मान वळवली आणि त्याच्या अंगठ्यात दात रुतवले. त्याने हात काढला नाही.

“ठेवा तुमची विद्या तुमच्यापाशी! मला नको. आत्ताच्या एसटीने मी हिला शहरात घेऊन जातो. नीट औषध करतो हिला.”

नाना त्याच्या दात रुतलेल्या अंगठ्याकडे पाहत होते.

नानांनी कातरलेली सुपारी पानावर ठेवली. बसल्या जागी जरा सरकून घोंगडीवर बाजूला जागा केली.

“बस हितं,” ते म्हणाले. “आता दावतो, पट्टी कशी बांधायची.”