युवराजांचा एकेचाळिसावा नंबर

तांबूळगडच्या शाळेत मुलं एकूण एकेचाळीस, आणि युवराज रणधुमाळ आले एकेचाळिसावे! आता झाली का पंचाईत?

दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर गुरुजींनी कान पिळला असता नि विषय मिटला असता. पण हे पडलं राजाचं पोर! आणि राजा भुजंगराजे म्हणजे हट्टीपणात कुणाला हार न जाणारा. त्यात गावची रीत अशी, की शाळेची खबरबात आणि निकाल दर वर्षी भर बाजारात दवंडी देऊन सांगायचा, वरपासून खालपर्यंत, नावानिशी. दवंडी द्यायची हौसाने. बापामागे हलगी तिच्याच गळ्यात आली होती. आवाज असा, की ती पारावर बोलली तर वेशीबाहेरची म्हैस मान वर करायची!

निकालाच्या आदल्या दिवशी राजाने हौसाला आणि नारोपंत गुरुजींना बोलावून घेतलं.

"हौसा, उद्या एकही नाव गाळायचं नाही. एक शब्द खोटा बोलायचा नाही. खोटी दवंडी दिलीस तर हलगी फोडीन!"

"जी सरकार."

"आणि आमच्या युवराजांना चारचौघांत कमीपणा आला, तर हलगी तर फोडीनच, वर या गुरुजींची गाढवावरून धिंड काढीन!"

गुरुजींनी आपलं धोतर घट्ट धरलं.

"सगळं सांगायचं, खरं सांगायचं, आणि कमीपणाही येऊ द्यायचा नाही?" हौसा म्हणाली. "सरकार, त्यापेक्षा मांजराला एकादशी धरायला सांगा की! ते सोपं जाईल!"

"उलट बोलतेस? चल, नीघ!"

बाहेर पडताच गुरुजी रडकुंडीला आले. "हौसाबाई, मला गाढवावर बसतासुद्धा येत नाही हो! मी तरी काय करू? सात आठे किती, असं विचारलं तर युवराज म्हणतात, 'पुष्कळ!'"

"मग त्यात खोटं काय बोलले?" हौसा हसली खरी, पण बोलता बोलता तिने हलगी छातीशी धरली. बापाची तेवढी एकच वस्तू तिच्याजवळ उरली होती. ती फुटली असती तर तिला अन्न गोड लागलं नसतं.

"आपण 'खालून पहिले' म्हणू या का?" गुरुजींनी भीत भीत विचारलं.

"अहो, ते तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे! सगळा बाजार खो खो हसेल, आणि तुमच्यासाठी गाढव हजर!"

तेवढ्यात राजवाड्याच्या मागल्या अंगणात आचारी दिसला. मोठी कढई घासत होता. परवाच युवराजांच्या वाढदिवसाला राजाने गावजेवण घातलं होतं.

"काय रे, जिलब्या कमी पडल्या म्हणे?" हौसाने जाता जाता विचारलं.

"तर काय! गाव नुसतं तुटून पडलं! सरकार पानावर बसेतोवर परातीचा तळ दिसायला लागला!"

हौसा थबकली. मग तिचा चेहरा असा खुलला की बस्स!

"गुरुजी, घरी जा. पोटभर जेवा. गाढवाला राहू द्या उकिरड्यावर!"

दुसऱ्या दिवशी बाजार फुलला. राजा गादीवर, शेजारी युवराज, खाली हात जोडून गुरुजी. हौसाने हलगी कडाडवली.

"ऐका हो ऐका! थोरल्या वर्गातल्या पोरांनी गुरवाची गाय आडातून वर काढली! गाय खुशाल आहे, दोर तुटला आहे! ऐका हो ऐका! शाळेच्या परसातला भोपळा अकरा शेर भरला! तो कुणीतरी लांबवला आहे, त्याने निदान बिया तरी परत आणून द्याव्या! आता निकाल! पहिली आली कासाराची चंद्रा, शंभरात सत्त्याण्णव!"

एकेक करत चाळीस नावं झाली. सगळा बाजार युवराजांकडे बघू लागला. राजाने मिशीला पीळ दिला. हौसाने हलगी काखेत मारली.

"सरकार, पुढचं नाव घेण्याआधी एक विचारू? परवाच्या जेवणात पहिल्या पंगतीला कोण बसलं?"

"कोण म्हणजे? रयत! पाहुणे!"

"आणि आपण?"

"आम्ही यजमान! शेवटच्या पंगतीला! घरचा माणूस आधी जेवला तर लोक तोंडात शेण घालतील!"

"बरोबर! मग ही शाळा कुणाची?"

"आमची!" राजा गरजला.

"ऐका हो ऐका!" हौसाने हलगीवर थाप मारली. "शाळा सरकारांची! म्हणून रयतेची चाळीस पोरं आधी बसली, आणि घरचे युवराज रणधुमाळ बसले शेवटच्या पंगतीला! नंबर एकेचाळीस, गुण चार!"

बाजाराने टाळ्यांचा कडकडाट केला. राजाही टाळी वाजवणार, इतक्यात त्याचा हात हवेतच थांबला.

"थांब! पंगतीचं पटलं. पण गुण चारच? शंभरातले चार?"

गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

"सरकार, परवा आपल्या पानात जिलब्या किती आल्या?"

राजाचं तोंड पडलं. "चार! त्यातल्या दोन मोडक्या!"

"युवराजांचेही चारच! त्यातले दोन नुसते अक्षर बघून दिलेले! चाळीस पोरांनी ओरपल्यावर उरणार ते काय, सरकार?"

राजा असा हसत सुटला, असा हसत सुटला, की फेटा सुटून कांद्यांच्या पाटीत पडला! "जिंकलीस, हौसा! गुरुजींना शाल द्या! आणि हिच्या हलगीला चांदीचं कडं चढवा!"

युवराज एवढा वेळ विचार करत होते. ते उठून उभे राहिले. "आबासाहेब, पुढच्या वर्षी मी पाहुणा! पहिल्या पंगतीला बसणार!"

हौसाने हलगी कडाडवली. "ऐका हो ऐका! पहिल्या पंगतीला बसायचं म्हणून युवराज उद्यापासून रोज पाढे म्हणणार!"

"पाढे?" युवराज पुन्हा खाली बसले. "नको गं हौसा! यजमानच बरा!"

आणि राजाने नुकताच बांधलेला फेटा पुन्हा कांद्यांत पडला.