म्हाकुबाईची काठी

माळावर एकही कुंपण नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. नीट ऐका. मध्ये बोलू नका.

उंबरओढ्याच्या वस्तीवर म्हाकुबाई नावाची धनगरीण लेकीकडे राहायला आली. जन्मभर मेंढरांमागे चाललेली बाई. गुडघे गेले, तेव्हा कळप दिरांच्या हवाली केला आणि काठी टेकत लेकीच्या दारात आली. तिच्यामागे कळप सोडून एक कुत्रीही आली. तिचं नाव भिंगरी.

भिंगरीला बसणं ठाऊक नव्हतं. असं म्हणतात, ती झोपेतही धावायची आणि सकाळी तिच्या पायांवर नवी धूळ असायची. मेंढरं नाहीत म्हणून तिने कोंबड्या वळल्या. मग पोरं वळली. एकदा सोयरिकीला आलेले पाहुणे वळले. सगळ्यांना गोठ्यात घातलं आणि दारात उभी राहिली.

जावई दौलू संतापला. "मामी, पाहुण्यांच्या टाचा धरल्या हिनं! उद्या माझी धरंल."

"कळप सोडून गेलात तर धरंलच की, जावयबापू."

"हसू नका. चैत्राच्या जत्रेपर्यंत बघतो. नाही सुधारली तर ओढ्यापल्याड हाकलून देईन."

ओढ्यापल्याड लांडगे होते. म्हातारीने भिंगरीला वळण लावायला घेतलं.

आधी तिने चूक केली. भिंगरीला खुंट्याला बांधलं. भिंगरीने भाकरी सोडली आणि खुंट्याभोवती फिरून फिरून जमिनीत चर पाडला. लेक कोंडा म्हणाली, "आये, तू तरी कधी एका जागी बसलीस का?" म्हातारीने दावं सोडलं.

मग तिने काठी घेतली. मारायला नाही. काठी उभी धरली की भिंगरीने जायचं आणि घरचं जे कोणी बाहेर असेल ते वळवून आणायचं. माणूस, वासरू, कोंबडी, काहीही. सगळे आले की म्हातारी काठी जमिनीवर आडवी टाकायची. मग भिंगरीने बसायचं आणि भाकरीचा तुकडा खायचा. रोज तेच. चुकली तर पुन्हा तेच. भिंगरी शिकली. काठी उभी असेतो थांबणं नाही, आडवी झाली की हलणं नाही.

फाल्गुनात सगळी वस्ती डोंगरावर गवत कापायला गेली आणि वणवा लागला. धुरात स्वतःचा हात दिसेना. म्हाकुबाई खाली तळ्याकाठी होती. तिने दोन्ही हातांनी काठी उभी धरली. भिंगरी धुरात शिरली.

असं म्हणतात, त्या दिवशी जो ज्या वाटेला चुकला त्या वाटेला भिंगरी होती. टाचा धरून धरून तिने माणसं खाली आणली. लेकुरवाळ्या आणल्या, म्हातारे आणले, बैल आणले. आणून सोडायची, काठीकडे बघायची. काठी उभी. की परत आगीत.

"आये, पाय थरथरतायत तुझे. टेक की जरा," कोंडा म्हणाली.

"जावई आले का?"

"न्हाईत अजून."

"मग कशी टेकू? काठी पडली तर ती बसंल."

दौलू सगळ्यांच्या शेवटी आला. टाच रक्ताने भरलेली. मागे भिंगरी, पाठीवरचे केस जळालेले.

"आलो, मामी. बसा आता."

म्हाकुबाई बोलली नाही. असं म्हणतात, तिचा प्राण केव्हाच गेला होता. काठी तेवढी उभी होती आणि काठीला धरून ती.

भिंगरी तिच्याभोवती फिरत राहिली. कोणी हाक मारली तरी थांबेना. मग दौलूने म्हातारीला एका हाताने सावरलं, तिच्या मुठीचं एकेक बोट सोडवलं आणि काठी जमिनीवर आडवी ठेवली.

भिंगरी बसली.

उंबरओढ्याला आजही दिवेलागणीला दारात काठी उभी करतात. घरचं शेवटचं माणूस आलं की ती आडवी होते. ज्याचं पोर शहरात कामाला आहे, त्याच्या दारची काठी वर्षभर उभीच असते. पोर जत्रेला येतं, आधी काठी आडवी करतं, मग आईच्या पाया पडतं.

दारातलं कुत्रं तेव्हाच बसतं.